डिस्क पुसायची घाई

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत, पण मुरुम गावच्या त्या मुलीच्या लॅपटॉपची घटना आजही जशीच्या तशी आठवते.

त्या भागातल्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून टपाल पाहत होतो, तेवढ्यात धान्याचे एक आडते आत आले. खुर्ची पुढे केली तरी बसेनात. त्यांची मुलगी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. अनोळखी नंबरवरून तिला तिचेच फोटो येत होते. वाचताना, केस विंचरताना, टेबलावर डोकं टेकून झोपलेली असताना. खाली मजकूर, ‘कॉलेज सोड, नाहीतर हे गावभर जातील.’ हे फोटो आपल्याच लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून निघतायत, हे मुलीनंच ओळखलं होतं.

वडिलांना गुन्हा नोंदवायचा नव्हता. "साहेब, बोभाटा नको," ते म्हणाले. "पोरीचं कॉलेज म्या बंद करतो. लॅपटॉप पुसून घ्यायला दिलाय. विषय संपला."

लॅपटॉप त्यांच्या भाच्याकडं होता. तो त्यांच्याच आडतीवर कामाला होता आणि त्याला संगणकातलं थोडंफार कळायचं. फोटोंचं त्याला सांगितलं नव्हतं. ‘हळू चालतोय, नवीन करून आण,’ एवढंच म्हणाले होते.

त्यांना बसवून ठेवून महिला हवालदारांना मी मुलीच्या जबाबासाठी पाठवलं. त्या परतायच्या आत बाजारातल्या एका संगणक दुरुस्तीवाल्याचा फोन आला. मागे एका पंचनाम्याला तो पंच होता, म्हणून ओळख. एक जण लॅपटॉप घेऊन आलाय, म्हणाला. लोक आधी फोटो, कागदपत्रं वाचवा म्हणतात, हा काहीच ठेवू नका म्हणतोय. "वरून सांगतोय, कॅमेऱ्याचं काही मागं राहता कामा नये. मला बरं वाटंना, साहेब."

डिस्कला हात लावू नका, एवढं सांगून मी जीपमध्ये बसलो. पंचांसमोर लॅपटॉप जप्त करून सील केला आणि भाच्याला ठाण्यात आणलं.

पोरगा शांत होता. व्हायरस गेला की नाही याची खात्री नसेल तर सगळी डिस्क पुसून नव्यानं सिस्टीम टाकावी, हे त्यानं मलाच समजावलं. त्यात चुकीचं काही नव्हतं. मी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा काय म्हणाले होते?"

"हळू चालतोय म्हणाले."

"मग कॅमेऱ्याचं तुला कुणी सांगितलं?"

त्यानं पाण्याचा ग्लास उचलला, पण प्यायला नाही. ग्लास खाली ठेवून तो रडायला लागला. मराठी टायपिंग टाकून देतो म्हणत त्यानंच तो छुपा प्रोग्राम घातला होता. तिच्याशी लग्न व्हावं ही त्याची इच्छा होती. तिनं आधी शिक्षण म्हणून नकार दिला होता. कॉलेज सुटलं की मामा तिला आपल्यालाच देतील, असा त्याचा हिशेब.

वडील बाहेर बाकावर होते. मी सांगितलं तेव्हा ते बाकावरून उठले. म्हणाले, "त्याला हवं तेच म्या करायला निघालो होतो की." आणि फिर्याद द्यायला मुलीला स्वतः घेऊन आले.

धाराशिवच्या सायबर शाखेनं डिस्कची हुबेहूब प्रत काढली. प्रोग्राम सापडला. भाच्याचा मोबाइलही तपासला; फोटो त्याच्या आणि मुलीच्या मोबाइलबाहेर कुठंही गेले नव्हते. ते कळलं तेव्हा मला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

कोर्टाच्या परवानगीनं लॅपटॉप परत मिळाला, तेव्हा डिस्क आपण स्वतः पुसणार असं मुलगी म्हणाली. त्याच दुरुस्तीवाल्याकडं माझ्यासमोर बसून तिनं डिस्कवरचे सगळे विभाग पुसून टाकले. अभ्यासाच्या नोट्सही गेल्या, त्या मैत्रिणीकडून घेईन म्हणाली. नवी सिस्टीम चढत असताना वडील शेजारी बसून पडद्याकडं पाहत होते.

"आता त्याला दिसतं का आपलं?" त्यांनी विचारलं.

"न्हाय, अप्पा. आता आपुन दोघंच हावोत."

त्यांनी मान हलवली आणि कॉलेजला परत जायची गाडी किती वाजता आहे, ते विचारलं.

अब्रूच्या भीतीनं घरची माणसं आधी सगळं पुसायला धावतात. ती भीती खरी असते, त्यांना रागावून उपयोग नाही. त्यांना थोडं थांबवायचं, पुरावा हाती घ्यायचा आणि मग त्यांचं त्यांना पुसू द्यायचं. तेही पोलिसाचंच काम आहे, हे मी त्या दुकानात बसून शिकलो.