उजवी बाजू कच्ची आहे

माझं तोंड बंद राहत नाही, हे सासरच्यांना लग्नानंतर आठवडाभरातच कळलं होतं. लेकीच्या कॉलेजमधल्या मुलींच्या फुटबॉल टीमला कळायला जरा जास्त दिवस लागले. लेक दहा वर्षांची असल्यापासून मी तिला मैदानावर न्यायची. बाकीच्या आया मोबाइल बघत बसायच्या, मी खेळ बघत बसायची. बघता बघता कळायला लागला. नवरा म्हणतो, तुला कळतं तेवढं टीमच्या सरांनाही कळत नाही. तो टोमणा मारतो आणि मी कौतुक समजून घेते.

भाईंदरला केबिन रोडच्या एका गल्लीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. टीमच्या जर्सी पुरुषांच्या मापाच्या येतात, त्या मुलींच्या अंगाबरोबर करून देण्याचं काम आपोआपच माझ्याकडे आलं. दुसरं काम मी स्वतःच ओढवून घेतलं. मुलींच्या आईबापांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. प्रत्येक मॅचच्या आधी मी त्यावर माझा अंदाज बोलून पाठवायची. कोण दमलंय, गोल कुठून होईल, कुठून खाऊ, सगळं. लोक हसायचे, पण ऐकायचे. “मॅडम, डावीकडे कायम सगळं ओके कसं हो?” असं एकाने विचारलंही होतं. डावीकडे बॅकला, म्हणजे बचावाच्या फळीत, माझी लेक खेळायची.

शनिवारी सेमीफायनल होती, हायवेपलीकडच्या कॉलेजशी. मागच्या वर्षी त्यांनी आम्हाला धुऊन काढलं होतं. शिवाय या वेळी युनिव्हर्सिटीच्या टीमसाठी मुली निवडणारे दोघे जण बघायला येणार होते. बुधवारची प्रॅक्टिस बघून मी अंदाज टाकला. तो मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. “जिंकू शकतो, पण उजवी बाजू कच्ची आहे. उजवीकडची बॅक पोरगी मागे वळतच नाही. तिच्या पाठीमागे बॉल टाकला की संपलं. झोपलेली असते का काय, देव जाणे.”

ती पोरगी जुन्या भाईंदरातल्या कोळ्यांची. तिच्या घरचं कोणी ग्रुपवर नव्हतं, म्हणून माझी जीभ जरा जास्तच सैल सुटली.

गुरुवारी एक गुजराती भाभी ब्लाउज न्यायला आल्या. त्यांची मुलगी त्या हायवेपलीकडच्या टीममध्ये आहे, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला आणि हसत म्हणाल्या, “दीदी, ये आपकी ही आवाज है ना? मेरी बेटी के ग्रुप में आया है. उनके सर बोले, बहुत काम की चीज है.”

फोनमधून मीच बोलत होते. झोपलेली असते का काय, देव जाणे. भाभींना वाटलं, मी खूश होईन. माझ्या हातातली कात्री टेबलावर ठेवताना वाजली. जितका संताप मला कधी नवऱ्याचाही आला नव्हता, तितका त्या दिवशी स्वतःचा आला.

सरांना फोन करायला दोनदा नंबर काढला आणि दोनदा ठेवून दिला. सांगितलं, तर ते त्या पोरीला बाहेर बसवणार. नाही सांगितलं, तर समोरच्या मुली प्रत्येक बॉल तिच्याच मागे टाकणार, तेही निवडणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये आलो तर खेळाडूंसाठी राखलेल्या जागेवर नोकरीसाठी अर्ज करता येईल, एवढी एकच आशा ती धरून होती. दोन्हीकडून तीच बुडणार होती, आणि बुडवणारी मी.

शुक्रवारी दुपारी ती जर्सी घालून बघायला दुकानात आली. एकटीच. ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली आणि मी तिच्या डाव्या खांद्याशी टाचण्या लावायला लागले. तिच्या डोळ्यांत बघायचं धैर्य नव्हतं, म्हणून टाचण्यांकडे बघतच सगळं सांगून टाकलं. मी काय बोलले, ते कुठे पोचलं, उद्या काय होणार. ती गप्प. म्हटलं, रागावली. “काहीतरी बोल गं. शिव्या दे हवं तर,” मी म्हणाले. तरी गप्प.

दुसरी बाही धरायला मी पलीकडे गेले, तर ती मजेत म्हणाली, “काकी, बाही जरा आखूडच करा हां.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. मग तिच्या मागे गेले आणि डाव्या कानापाशी चुटकी वाजवली. काही नाही. उजव्या कानापाशी वाजवली, तशी ती झटकन वळली. माझा हात तिथेच होता. तिचा चेहरा उतरला.

“सरांना नका सांगू, काकी,” ती म्हणाली. “बारीक होते तेव्हा कान फुटलेला. त्या कानानं कायच आयकू येत न्हाय. सर बसवतील मना.”

म्हणजे ती झोपलेली नव्हती. उजव्या बॅकला सगळी टीम डाव्या हाताला असते. बचावातली मधली मुलगी “मागे!” म्हणून ओरडते, ते हिच्यापर्यंत पोचतच नाही. आणि मी, जिला नवऱ्याच्या मते सरांहून जास्त कळतं, तिने तीन वर्षं हे बघितलं आणि आळस समजला.

सगळं पुन्हा सांगावं लागलं, या वेळी उजव्या कानाशी. पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा जास्त जड गेलं.

“सगल्यांनी आयकला काय?” तिने विचारलं.

“बऱ्याच जणांनी.”

तिने जर्सी सांभाळून काढली, टाचण्या लागू नयेत म्हणून. मला एक वाकडा शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. सरांना सांगणार नाही, असं वचन घेऊन ती गेली.

ती गेल्यावर मी कापायच्या टेबलावर खडूने मैदान काढलं. उजव्या बॅकला सगळ्या डावीकडे. डाव्या बॅकला सगळ्या उजवीकडे, म्हणजे चांगल्या कानाच्या बाजूला. पोरीचे दोन्ही पाय चालतात, ते मी बघितलेलं होतं. तिला फक्त बाजू बदलून द्यायची होती. इतकं सोपं. पण ती बाजू माझ्या लेकीची. लेक डावखुऱ्या पायाची. तिला उजवीकडे खेळवणं म्हणजे डाव्या हाताने जेवायला लावण्यासारखं. शेवटचं वर्ष तर तिचंही होतं, आणि बघायला येणारे दोघे तिच्यासाठीही येणार होते. मी तळहाताने टेबल पुसून टाकलं.

संध्याकाळी मी पोळ्या करत होते. लेक ओट्याला टेकून उभी राहिली. “तुझा अंदाज ऐकला, आई. मला पण कोणीतरी पाठवला.” मी लाटतच राहिले. “मग आता काय करायचं ते पण सांग ना. तुला सगळं कळतं.”

“आता काही करता येत नाही,” मी म्हणाले. फुटबॉलबद्दल आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होते. तव्यावरची पोळी करपली. ती बाजूला काढली, दुसरी टाकली, आणि मग मात्र राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं, कानाचं आणि बाजूचंही.

“कानाचं मला माहितीय,” ती म्हणाली. “बाजूचं कधी डोक्यात नव्हतं आलं.”

मग ती जेवायला बसली. आमटी पुन्हा मागून घेतली. त्या विषयावर एक शब्द नाही. मला वाटलं, तिला ते मान्य नाही. आणि कबूल करते, मला हायसं वाटलं.

शनिवारी मैदानावर निवडणारे दोघे वह्या घेऊन खुर्च्यांवर बसले होते. आईबापांपैकी कोणीतरी विचारलं, “काय मॅडम, आज अंदाज नाही?” मी मान हलवली. मुली आपापल्या जागी जायला लागल्या आणि मी सवयीने डावीकडे बघितलं. तिथे ती कोळ्यांची पोरगी उभी होती. टीमकडे असलेल्या उजव्या कानावरचे केस मागे सारत होती. मधल्या मुलीने तिला काहीतरी ओरडून सांगितलं, तशी तिने लगेच हात वर केला.

लेकीने सरांना काय कारण सांगितलं, ते मला आजवर कळलेलं नाही.

समोरच्या टीमचे सर त्यांच्या सगळ्यात जोरात पळणाऱ्या मुलीला हाका मारून आमची उजवी बाजू दाखवत होते. ती मुलगी धावत त्या बाजूला गेली. तिथे माझी लेक बुटाची नाडी बांधत होती. तिने वर बघितलं, पण माझ्याकडे नाही. शिट्टी वाजली, आणि पहिलाच लांब बॉल तिच्या पाठीमागे पडला.