पडल्यावर दिसलेलं घर

माझ्याकडे आलेल्या रेफरलच्या कागदात मोजक्याच ओळी होत्या. वय शहाऐंशी, पत्नी वारलेली, एकटे राहतात, हिवाळ्यात दोनदा पडले. आणि शेवटी जीपीने, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरने, लिहिलं होतं: कुठलीही मदत नको म्हणतात.

अशी माणसं माझ्या वाट्याला पुष्कळ येतात. मी लेस्टरमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. म्हणजे काय, असं नागपूरचे नातेवाईक विचारतात तेव्हा मी सांगते, की म्हातारपणी किंवा आजारपणानंतर माणूस स्वतःच्याच घरात अडखळायला लागतो, तेव्हा त्या घरात काय बदललं म्हणजे तो आपलं आपण राहू शकेल हे ठरवायचं काम. बाथरूममध्ये आधाराचे दांडे, पायरीला रॅम्प, उंच खुर्ची, उंच कमोड. बॅगेत मापं घ्यायची एक टेप, एक फाइल आणि पायात सहज काढता येतील असे बूट. वीस वर्षं हेच करतेय.

घर शहराच्या अगदी कडेला होतं. आजूबाजूला लाल विटांची, उतरत्या छपरांची, एकसारखी घरं आणि मधेच हे. लांबलचक, बसकं, सपाट छताचं. बागेकडची अख्खी भिंत काचेची. दार उघडायला ते स्वतः आले, एका हातात काठी आणि दुसरा हात भिंतीवर. उंच, सडपातळ, गळ्याशी नीट बटण लावलेला शर्ट. मनातल्या मनात मी त्यांना लगेच आजोबा म्हणायला लागले. पुढेही तेच नाव राहिलं.

आत गेल्यावर मी थबकले. बैठकीची खोली जमिनीपेक्षा दोन पायऱ्या खाली होती आणि त्या पायऱ्यांना ना कठडा ना कड दाखवणारी पट्टी. फरशी आणि पायरी एकाच रंगाची. वर जाणारा जिना म्हणजे भिंतीतून बाहेर आलेल्या नुसत्या फळ्या. धरायला काहीही नाही. मी घरभर फिरले आणि फाइलमध्ये लिहीत गेले. ते माझ्या मागून हळूहळू येत होते.

"किती सापडल्या?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"पडायच्या जागा. तुम्ही तेच मोजताय ना?"

"अकरा," मी म्हटलं. मग राहवलं नाही. "हे घर कोणी बांधलंय हो? त्याला म्हातारपण येतं हे माहीत नव्हतं वाटतं."

"नव्हतं," ते म्हणाले. "तेव्हा मी तिशीत होतो."

माझे कान तापले. मी सॉरी म्हटलं, ते हसले आणि त्यांनी चहा केला. चहा पिताना कळलं की ते आयुष्यभर आर्किटेक्ट होते. शाळा, वाचनालयं आणि कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेने भाड्याने द्यायची, घरं त्यांनी बांधली होती. शिकायला होते तेव्हा आधीच्या पिढीतल्या मोठमोठ्या आर्किटेक्टांनी जगच बदलून टाकलेलं होतं. नक्षी काढून टाकली, जाड भिंती पातळ केल्या, खिडक्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेल्या. या पोरांना ती माणसं देवासारखी. "आम्ही त्यांच्या इमारती बघायला रेल्वेने युरोपभर हिंडायचो. ब्रेड आणि चीज खाऊन दिवस काढायचे आणि वह्या भरायच्या."

मी मान डोलावली, पण मला त्यात फारसा रस नव्हता. खरं सांगायचं तर असल्या आर्किटेक्टांबद्दल माझं मत वाईट होतं. काँक्रीटचे मोठमोठे ब्लॉक, बंद पडलेल्या लिफ्ट, वारा घोंघावणारे जिने यांत माझे पेशंट राहतात. मला वाटायचं, ही घरं फोटोसाठी बांधलेली आहेत, माणसांसाठी नाहीत.

मी बॅगेतून आधाराच्या दांड्यांची चित्रं काढून त्यांच्यापुढे ठेवली. पांढरे, प्लॅस्टिकचं आवरण असलेले. त्यांनी चष्मा लावून एकेक नीट पाहिलं आणि कागद परत माझ्याकडे सरकवले.

"नको. हे लावलं की घर दवाखाना होतं."

"पण पडलात तर दवाखान्यातच जाल."

"तेव्हा बघू."

पडल्यावर दाबलं की मदत येते, ते गळ्यात घालायचं अलार्मचं बटणही नको म्हणाले. मी फाइलमध्ये 'पेशंटने नकार दिला' असं लिहिलं. माणसाला नाही म्हणायचा हक्क असतो, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. तरी गाडीत बसल्यावर मला त्यांचा राग आला होता.

तीन आठवड्यांनी ते पुन्हा पडले. सकाळी चहाचा कप घेऊन बैठकीत उतरताना दुसऱ्या पायरीवर पाय चुकला. शेजारच्या बाई दुपारी पाव द्यायला आल्या तोवर ते चार तास जमिनीवर पडून होते. हाड मोडलं नाही, बरगड्यांना मार बसला. हॉस्पिटलमधून घरी सोडल्यावर त्यांनी स्वतः ऑफिसला फोन करून माझ्याबद्दल विचारलं. ती टेप घेऊन आलेली, तोंडाळ बाई, असं म्हणाले म्हणे. मॅनेजरने मला ते जसंच्या तसं सांगितलं.

मी गेले तेव्हा ते खुर्चीत बसले होते. नेहमीसारखा कडक इस्त्रीचा शर्ट, पण चेहरा उतरलेला.

"मी छत पाहिलं," ते म्हणाले.

मला कळलं नाही.

"पन्नासहून जास्त वर्षं या घरात राहतोय. हे छत मी आखलं, पण चार तास त्याच्याकडे बघितलं ते परवा पहिल्यांदा. तो दिवा सरळ डोळ्यांत येतो. डोकं वळवलं तरी येतो. इतका वाईट दिवा कोणी लावला असेल, असा विचार करत होतो मी."

मग त्यांनी मला एका इमारतीची गोष्ट सांगितली. उत्तरेकडच्या एका थंड देशात, क्षयावर औषध नव्हतं त्या काळात, एका तरुण आर्किटेक्टने क्षयरोग्यांसाठी हॉस्पिटल बांधलं. पेशंट महिनोन्महिने पाठीवर पडून राहणार, म्हणजे खोली त्याच्या नजरेतून बघायची, असं त्याने ठरवलं. छताला डोळ्यांना शांत वाटेल असा गडद रंग दिला. दिवे पडलेल्या माणसाच्या डोळ्यांत येणार नाहीत असे बसवले. हात धुवायचं बेसिनसुद्धा असं केलं, की पाणी पडताना आवाज होऊ नये आणि शेजारच्या खाटेवरच्याची झोपमोड होऊ नये.

मी हातातलं पेन खाली ठेवलं. हे तर माझंच काम होतं. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी कोणीतरी ते करून ठेवलं होतं, आणि तेही एका आर्किटेक्टने.

कामाच्या वेळी मी स्वतःबद्दल बोलत नाही. त्या दिवशी बोलले. माझी आई नागपूरला हॉस्पिटलमध्ये दोन महिने होती. खाटेच्या बरोबर वर ट्यूबलाइट. ती दिवसभर डोळ्यांवर पदर ओढून पडायची. सगळ्यांना वाटायचं की तिला कोणाशी बोलायचं नाही. मीही तेच समजत होते. शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, "अगं, बोलायचं आहे मला, पण तो दिवा बघवत नाही." मी वॉर्डबॉयला सांगून खाट फूटभर सरकवून घेतली. फूटभर सरकवायला दोन महिने लागले. मी थेरपिस्ट होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.



"मी त्या क्षयरोग्यांच्या हॉस्पिटलमध्ये गेलो होतो," आजोबा म्हणाले. "पंचविशीत. दोन दिवस तिथे होतो. वहीत बाल्कन्या काढल्या, जिना काढला, ते बेसिनसुद्धा काढलं. पण सगळा वेळ मी उभा होतो. एकदाही आडवं होऊन पाहिलं नाही."

मग माझ्याकडे वळले. "त्या दिवशीच्या अकरा जागा. पहिलीपासून सांगा."

पुढचे दोन महिने मी दर पंधरवड्याला त्यांच्याकडे गेले. ते खरोखर शिकायला बसल्यासारखे बसायचे. मी सांगायची, दांडा जाड असला की सांधेदुखीच्या हाताची मूठ बंद होत नाही, बारीक असला की पकड सुटते. भिंतीला फार चिकटून असला तर बोटं अडकतात, फार लांब असला तर पडताना अख्खा हात मागे जातो. टोक उघडं ठेवलं तर बाही अडकते, म्हणून ते भिंतीकडे वळवायचं. ते प्रश्न विचारायचे, माझ्या हाताची पकड बघायचे, स्वतःची बोटं मिटून उघडून बघायचे आणि कागदावर रेघा मारायचे. हात थरथरायचा, पण रेघ कशी कोण जाणे सरळ यायची.

त्यांनी ठरवलं, की तुकडे तुकडे लावायचे नाहीत. झोपायच्या खोलीतून निघून पॅसेजमधून, स्वयंपाकघराच्या बाजूने बागेच्या दारापर्यंत एकच सलग लाकडी दांडा न्यायचा. भांडण झालं ते उंचीवरून. खिडकीच्या खालच्या कडेच्या रेषेत तो यावा असं त्यांचं म्हणणं.

"घराची एक रेषा आहे. ती मोडली की सगळं विसकटतं."

"बूट घाला आणि उभे राहा," मी म्हटलं. हात बाजूला सोडायला लावला आणि मनगटाच्या हाडापासून जमिनीपर्यंत टेप धरली. खिडकीच्या रेषेपेक्षा चार बोटं खाली. "ही तुमची रेषा."

टेपकडे बघून ते मोठ्याने हसले. बरगड्या दुखल्या म्हणून हसता हसता कळवळले. दांडा मनगटाच्या उंचीवर लागला.

बाथरूममध्ये मात्र मीच माघार घ्यायच्या तयारीने गेले होते. तिथेही लाकूड लावूया म्हणाले तर काय उत्तर द्यायचं, याचा विचार करत होते. त्यांनीच मला थांबवलं. "इथे साबण आहे, पाणी आहे. इथे तुमचं ते पांढरं प्लॅस्टिकच चांगलं. तुमची ती चित्रं मी पुन्हा पाहिली. कोणीतरी विचार करून बनवलंय ते."

सगळ्यात अवघड होती ती खालची बैठक. मी सांगितलं, पायऱ्यांना दांडा लावून भागणार नाही, ती वरच्या फरशीच्या पातळीला आणायला हवी.  ते म्हणाले, की पत्नीने ती बैठक मागितली होती. तिथे खाली बसलं की नजर गवताच्या उंचीवर येते, आणि तिला गवत फार आवडायचं. चाळीस वर्षं ती तिथे बसून वाचायची.

"मला एक आठवडा द्या."

मी दिला. पुढच्या वेळी गेले तेव्हा कामाला आलेली सुतारबाई खाली गुडघ्यांवर बसून मापं घेत होती. पन्नाशीची, कमी बोलणारी, कानामागे पेन्सिल. आजोबांनी असं आखलं होतं की लाकडी फरशी वरून बसेल आणि खालची बैठक जशीच्या तशी झाकलेली राहील. कोणाला हवं तर पुढे उघडता येईल. सुतारबाईने शेवटची फळी बसवण्याआधी विचारलं, "आत काही ठेवायचंय का?" ते नको म्हणाले. मग काठी टेकत आतल्या खोलीत गेले, हिरव्या रंगाची एक उशी घेऊन आले आणि तिच्या हातात दिली. तिने ती नीट कोपऱ्यात ठेवली आणि फळी बसवली. 

या सगळ्यात मीच किती घेतलं ते नंतर लक्षात आलं. काम झाल्यावर ते मला घर दाखवायचे. सकाळचं ऊन आधी कुठे येतं, स्वयंपाकघराची खिडकी खाली का आहे, ओटा असा का वळवलाय. एकदा म्हणाले, की शंभर वर्षांपूर्वी एका तरुण बाईने स्वयंपाक करणाऱ्या बाईची पावलं मोजली आणि ती वाचावीत म्हणून लहानसं, सगळं हाताशी असलेलं स्वयंपाकघर आखलं. आज आपल्या सगळ्यांचे ओटे आणि कपाटं तिथूनच आली. त्या दिवशी घरी पोळ्या करताना मी माझीच पावलं मोजत बसले. तव्यापासून डब्यापर्यंत एकही पाऊल टाकावं लागत नव्हतं. ज्या माणसांना मी नावं ठेवत होते, त्यांतल्याच कोणीतरी माझे पाय वाचवले होते. चुकाही त्यांनी केल्या, आणि त्या मी रोज दुरुस्त करते. पण ऊन आणि हवा ही श्रीमंतांचीच मिरास नाही, हे त्यांनी हट्टाने मांडलं नसतं, तर माझ्या पेशंटांच्या खिडक्या आहेत त्याहून लहान असत्या.

काम पूर्ण झालं आणि आमच्या नियमाप्रमाणे मी केस बंद केली. निघताना त्यांनी गुंडाळलेला एक कागद दिला. दांड्याचं मूळ ड्रॉइंग होतं. खाली उजव्या कोपऱ्यात आर्किटेक्टचं नाव लिहायची चौकट असते. तिथे त्यांचं नाव होतं आणि शेजारी माझं, स्पेलिंगसकट बरोबर. इथे माझं आडनाव सहसा कोणी बरोबर लिहीत नाही. मी गाडीत बसून थोडा वेळ रडले.

वर्षभराने मॅनेजरकडे त्यांचं पत्र आलं. आर्किटेक्चरचे काही विद्यार्थी घर बघायला येणार होते आणि मलाही बोलवायची त्यांनी परवानगी मागितली होती. मी गेले. मुलं कॅमेरे घेऊन काचेच्या भिंतीपाशी उभी होती. एका मुलीने दांड्यावरून हात फिरवत विचारलं, "हा नंतर लावलाय का? इतका मूळचा वाटतो."

"त्यांना विचारा," आजोबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "मी फक्त रेघ मारली."

मला भाषण करता येत नाही. मी त्या मुलीला बूट घालून उभं राहायला सांगितलं आणि बॅगेतून टेप काढली.

आजोबा आता नव्वदीच्या पुढे आहेत आणि अजून त्याच घरात आहेत. जिना चढणं सुटलं, वरची खोली बंद केली. गळ्यात अलार्मचं बटण असतं, पण त्याची दोरी त्यांनी स्वतःच्या पसंतीची लावली आहे. नाताळात कार्ड येतं, त्यात एखादी इमारत काढलेली असते. मी उत्तरात आभार लिहिते आणि दरवेळी ते अपुरे वाटतात.

मागच्या आठवड्यात एका गुजराती आजींकडे गेले होते, सातव्या मजल्यावर. टेप काढण्याआधी मी म्हटलं, "बा, जरा तुमच्या खुर्चीत बसू का?" बसले, तर समोर नुसता फ्रिज. आम्ही दोघींनी मिळून खुर्ची खिडकीकडे वळवली. त्या बसल्या, पदर सारखा केला आणि खाली वाकून बघितलं.

"अरे," त्या म्हणाल्या, "इथून तर बसस्टॉप दिसतो. मुलगी येताना दिसेल मला."