पिवळ्या विमानापुढचा सत्कार

प्रत्येकाला कसला ना कसला नाद असतो. कुणाला तंबाखूचा, कुणाला राजकारणाचा. या दोन्ही गोष्टी नांदेडात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. मला नाद लागला तो जुन्या लष्करी विमानांचे फोटो काढण्याचा, आणि त्यासाठी मला बंगळूरपर्यंत जावं लागतं. कुठल्या तरी विमानतळावर उन्हात, दोरीच्या अलीकडं उभं राहायचं आणि कुणीतरी वर्षानुवर्षं खपून पुन्हा उभं केलेलं विमान डोळे भरून बघायचं, एवढाच तो कार्यक्रम. मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळं लोकांना वाटतं हे काहीतरी नकाशाचं काम असेल. बायकोला तसं वाटत नाही. "घरातला पंखा दोन उन्हाळे कुरकुर करून राहिला, आणि हे निघाले लोकाच्या विमानाचे पंखे बघायला," हे तिचं मत, आणि ते ती पाहुण्यांसमोरही मांडते.

तर असं एक विमान आपण होऊन लातूरला आलं. पुण्याच्या काही निवृत्त अधिकाऱ्यांनी हौसेनं दुरुस्त केलेलं पिवळं हार्वर्ड. एकेकाळी नवे वैमानिक याच्यावर उडायला शिकत. लातूरच्या विमानतळावर ते लोकांना बघायला ठेवणार होते, मधूनमधून इंजिनही चालू करून दाखवणार होते. मला त्याचा एकच फोटो हवा होता: इंजिन चालू, पुढचा पंखा फिरताना धूसर झालेला आणि चौकटीत एकही माणूस नाही. यातली शेवटची अट मराठवाड्यात किती अवघड आहे याचा मी विचार केला नव्हता.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. दादा माझ्याहून बराच मोठा. हवाई दलातून निवृत्त झाल्यापासून तो शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या आमच्या गावी आबांजवळ राहतो. आबा म्हणजे आमचे वडील; आई जाऊन बरीच वर्षं झाली. नव्वदी ओलांडलेले, कान शाबूत, गुडघे गेलेले. गावात दादाला कुणी नावानं हाक मारत नाही. त्याला 'पायलट' म्हणतात. पोस्टमनसुद्धा पायलटचं घर विचारत येतो.

"गाडी घेऊन ये," दादा म्हणाला. "आबांना विमान दाखवू."

"उन्हात झेपेल त्यांना?"

"झेपंल." मग जरा थांबून म्हणाला, "तिथंच सांगून टाकणार हाय त्यांना. आता राहिलं तर राहूनच जाईल. मेल्यावर मला कोण इचारतंय, पण आबांनी तरी मला हाय तसा बघावा."

काय सांगून टाकणार, हे मला विचारावं लागलं नाही. दादानं जन्मात कधी विमान चालवलेलं नाही.

तो हवाई दलात होता हे अगदी खरं. पण भांडारात. जवानांना ब्लँकेटं, बूट, बादल्या, मच्छरदाण्या द्यायच्या आणि बदली झाली की परत घ्यायच्या, ही त्याची देशसेवा. आणि खोटं तो एका शब्दानं बोलला नव्हता. पहिल्या सुट्टीवर निळ्या गणवेशात आला तेव्हा पारावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "इमानावर असतूस का रं?" दादाचं भांडार धावपट्टीच्या शेजारीच होतं, तो "हाव" म्हणाला. बस्स, एवढंच. आमच्या गावाला विमान माहीत होतं ते खालून. खालून बघणाऱ्याला इतकंच कळतं की ते कुणीतरी चालवत असणार. त्याच्यासाठी बादल्या सांभाळणारा माणूस लागतो, हे कुणाच्या डोक्यात येणार? आमच्या एका मामानं तेवढी शंका काढली होती, की पोरगं ड्रायव्हर आहे का कंडक्टर. त्याला आबांनीच गप्प बसवलं.

मग ते वाढतच गेलं. शाळेच्या झेंड्याला पायलट, गणपतीच्या आरतीला पायलट, कुणाच्या सोयरिकीत वजन टाकायचं तर पायलट. वहिनीला लग्नानंतर खरं कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, की घरात मच्छरदाणी तरी चांगली येईल. मला कळलं ते कॉलेजात असताना, दादाच्या तळावर गेलो तेव्हा. तो काउंटरमागं उभा राहून एका जवानाशी बादलीच्या कडीवरून हुज्जत घालत होता. तोवर मी भावापायी विमानांच्या नादाला पुरता लागलो होतो. भाऊ विमानातून उतरला, माझा नाद काही उतरला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते असं. त्या दिवशी दादा म्हणाला, "आबांना सांगू नको. चारचौघांत मान ताठ करून चालतात. ती कामून मोडायची?" मलाही ते पटलं. आबांचा अभिमान मग आम्ही दोघा भावांनी देव्हाऱ्यातल्या देवासारखा जपला.

मी सकाळी लवकर निघालो. लोहा, अहमदपूर मागं टाकत गावात पोचलो, तर आमच्या दारापुढं दोन जीप उभ्या. सरपंचांनी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकलं होतं, 'आपल्या पायलटचं विमान लातूरला आलं आहे, तरी सर्वांनी उपस्थित राहावे.' सर्वांनी ते मनावर घेतलं होतं. सरपंचांच्या काखेत शाल होती, मागच्या जीपमध्ये फेट्याचं कापड, नारळ आणि झेंडूचा एक हार होता.

"पायलटसायेब, तुमी गुपचूप जाऊन राहिले व्हय?" सरपंच दादाला म्हणाले. "गाव काय मेलंय का?"

दादानं माझ्याकडं बघितलं. त्याचा चेहरा दवाखान्यात सुई बघितलेल्या माणसासारखा झाला होता. त्याला एकांतात बापाशी बोलायचं होतं, आणि एकांत दोन जीप भरून निघाला होता. गाडीत तो मागं बसला. आबा पुढच्या सीटवर धुतलेलं धोतर नेसून, काठी गुडघ्यांत धरून बसले होते. लातूर जवळ आलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "फार मोठं असतंय का ते?"

विमान बघितलं आणि मी दादाला विसरलो, हे खरं सांगतो. हळदीसारखा पिवळा रंग, पुढं गोल इंजिन, त्याची नळकांडी एकेक मोजावीत अशी, पंखांवर रिव्हेटांच्या सरळ रांगा, वर काचेची लांब टोपी. इंजिनाखाली तेलाचे थेंब झेलायला एक ताट ठेवलेलं. अशा विमानाजवळ गेलं की गरम तेलाचा वास येतो, तो मला आवडतो. ज्यांनी ते खपून उभं केलं त्यांचे हात धरून आभार मानावेत असं वाटत होतं.

पण आमच्या आधी लातूर पोचलं होतं. पंख्याच्या पात्यांना हळदीकुंकू लागलं होतं. चाकाला लिंबू-मिरची बांधलेली होती. एक मिशाळ निवृत्त अधिकारी पुणेरी मराठीत एका कुटुंबाची विनवणी करत होते, "अहो ताई, नारळ चाकावर नको, कृपा करून तिकडं दगडावर फोडा." ताईंचं म्हणणं असं होतं, की नवी गाडी असो की जुनी, नारळ चाकापुढंच फुटतो. विमानाला काय वेगळा देव असतो का?

तेवढ्यात इंजिन चालू करायची वेळ झाली. मी गुडघ्यावर बसलो, कॅमेऱ्याचा वेग उतरवला. फार वेगात फोटो काढला तर फिरता पंखा बंद पडल्यासारखा दिसतो आणि सगळी मजा जाते. इंजिन खोकलं, धूर सोडला आणि असं काही गरजलं की माझ्या अंगावर काटा आला. मी बटण दाबलं. त्या फोटोत पंखा अगदी हवा तसा धूसर आला आहे. त्याच्यापुढं स्पष्ट आली आहे ती सरपंचांची पाठ आणि सेल्फीसाठी उंच केलेला हात.

इंजिन थांबलं, धूळ बसली आणि आमच्या गावानं सत्काराला सुरुवात केली. दादाला दोरीपलीकडं नेलं. आबांना पंखाच्या सावलीत खुर्ची दिली. मिशाळ अधिकारी कुतूहलानं जवळ आले.

"आपणही वैमानिक का? वा! कुठलं विमान उडवत होतात?"

दादा तोंड उघडणार तोच सरपंच म्हणाले, "ह्येच!"

अधिकाऱ्यांना भरून आलं. त्यांनी दादाला मिठी मारली आणि आपल्या हातातला माईक त्याच्या हातात दिला. "सांगा, लोकांना अनुभव सांगा." तोवर दादाच्या डोक्यावर फेटा चढला होता, खांद्यावर शाल होती आणि दोन्ही हातांत नारळ आणि माईक एकदमच आले होते.

आता आमच्याकडची सत्काराची एक रीत सांगायला हवी. ज्याचा सत्कार होतो त्यानं उत्तराला उभं राहून म्हणायचं असतं, की मी काहीच केलेलं नाही, मी या सन्मानाला पात्र नाही, मी तुमच्यातलाच साधा माणूस. साखर कारखान्याचा चेअरमन असो की दहावीत पहिली आलेली मुलगी, सगळे हेच म्हणतात. जो जास्त पोटतिडकीनं म्हणतो तो जास्त मोठा. जो खरोखर काय केलं ते सांगायला लागतो, त्याच्याबद्दल लोक घरी जाताना म्हणतात, लई शेफारलंय.

दादा भाषणं करणारा माणूस नाही. त्यानं एकदा आबांकडं बघितलं आणि जे त्यांना एकांतात सांगायचं ठरवलं होतं ते लाउडस्पीकरवर सांगितलं.

"मी विमान चालवलेलं न्हाई," तो म्हणाला. "एकदा बी न्हाई. मी भांडारात व्हतो. ब्लँकेटं द्यायचो, बूट द्यायचो, बादल्या द्यायचो. तुमी इतकी वर्षं मला पायलट म्हनता, मी गप बसलो, ही माझी चूक हाय. ह्या सत्काराला मी पात्र न्हाई."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी शिट्टी वाजवली. सरपंचांनी माईक घेतला आणि गहिवरून म्हणाले, "बगा! ह्याला म्हनतात मोठेपना! विमान चालवलेला मानूस म्हनतोय बादल्या वाटल्या! न्हाई तर आपल्याकडं सायकल चालवनारा बी काय कमी फुशारक्या मारतोय का?" पुन्हा टाळ्या. मागच्या जीपमधल्या एका म्हाताऱ्यानं पुढं येऊन दादाच्या पाया पडायला सुरुवात केली. हा खरंच सांगतोय, हे एकट्या मिशाळ अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांचं हसू मावळलं, त्यांनी दादाकडं नीट बघितलं आणि मग इतरांबरोबर तेही टाळ्या वाजवू लागले.

मला हसू येत होतं आणि माझ्या भावाची कीवही येत होती. एवढ्या वर्षांत त्यानं एकदाच तोंड उघडलं, तर खरं बोलून तो आणखी मोठा पायलट झाला. आता याहून वर जायला त्याला आभाळच पुरलं नसतं.

दादा तसाच फेट्यासकट खुर्चीपाशी आला. आबांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्यांचे दोन्ही हात काठीवर होते.

"खरंच चालवलं न्हाईस?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, आबा."

"का ह्या लोकांसारखं बोलून राहिलास, बोलायचं म्हनून?"

"न्हाई. खरंच न्हाई. मी जिमिनीवरच व्हतो, आबा. सगळी नोकरी."

आबा पिवळ्या विमानाकडं बघत राहिले. मला वाटलं, झालं, मोडली मान. दादा त्यांच्या पायांशी खाली बसला आणि म्हणाला, "तुमची मान जाईल म्हनून बोललो न्हाई. शरम वाटली का तुमाला?"

"शरम?" आबांना तो शब्द जणू कळलाच नाही. मग त्यांना राग आला. एवढा राग मी त्यांच्या तोंडावर कितीतरी वर्षांत बघितला नव्हता. "अरं, वरून इमान गेलं की मी औत सोडून खाली बसायचो. नजरंआड हुईस्तोवर बगायचो, पडतंय का काय म्हनून. रेडिओवर इमान पडल्याचं आलं की दोन दोन दिस घास गिळत नव्हता. लोकांफुडं छाती काढायचो ते भ्या दिसू नये म्हनून, येड्या."

आम्ही दोघांनी इतकी वर्षं नेमकं काय जपलं होतं, ते त्या खुर्चीपाशी कळलं. मागं सरपंच "फोटो, फोटो" म्हणून सगळ्यांना बोलवत होते.

आबांनी हात लांब करून दादाच्या गालावर ठेवला. राग गेला होता.

"माझं जाऊ दे," ते म्हणाले. "तुजी माय भीत भीतच गेली रं. तिला तरी सांगायचं व्हतंस."