नुन्झिओने पाळलेला शब्द

लोरेन स्पातारोने आपल्या म्हाताऱ्या वडिलांना न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाहून मॉरिसव्हिलला आपल्या घरी आणलं, त्याच आठवड्यात तिने शेजारच्या रेणूला कुंपणापाशी गाठून सगळं सांगून टाकलं. "डॅड नऊ वर्षं तुरुंगात होते. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते. आता ते फक्त टोमॅटो लावतात."

रेणूने घरात येऊन नवऱ्याला सांगितलं. शशिकांत लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "म्हणजे शेजारी खराखुरा माफियावाला? बरंच झालं. गवत वाढलं म्हणून नोटिसा चिकटवताना कॉलनीची कमिटी आता दहादा विचार करेल."

प्रत्यक्षात नुन्झिओ स्पातारो म्हणजे बुटका, काटकुळा, घरातही इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस निघाला. बाप चांभारकाम करायचा, म्हणून समोरच्याच्या चेहऱ्याआधी त्यांची नजर पायांकडे जायची. पहिल्याच भेटीत त्यांनी रेणूच्या सँडलचा उसवलेला पट्टा पाहिला आणि हात पुढे केला. "काढ." ती संकोचून उभी राहिली तर म्हणाले, "काढ गं, माझ्यादेखत कुणी असलं पायात घालत नाही." दाभण, दोरा, आणि पाच-सहा टाक्यांत पट्टा जागेवर. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला रेणूची जीभ वळेना, म्हणून ती त्यांना नुन्झिओकाका म्हणायला लागली. काका म्हणजे काय, हे त्यांनी विचारून घेतलं. बापाचा भाऊ म्हटल्यावर गंभीरपणे मान डोलावली. "मग ठीक आहे. जबाबदारीचं काम आहे."

लोरेन नर्स, दिवसभर ड्यूटीवर. रेणूची मुलगी रुही कॉलेजला लांब गेलेली आणि शशिकांत मीटिंगांत बुडालेला. त्यामुळे दुपारचा चहा घेऊन शेजारी जाणं हे रेणूचं ठरूनच गेलं. त्या चहांमधून तिला काकांचं आयुष्य तुकड्यातुकड्याने कळत गेलं.

युटिकाच्या इटालियन वस्तीत सगळे ज्याला मिस्टर कालो म्हणत, त्याची गाडी ते चालवायचे. मिस्टर कालोचा नावाला फळांचा घाऊक धंदा. खरा धंदा जुगाराचा, ट्रकमधून गायब होणाऱ्या मालाचा आणि दुकानदारांना धमकावण्याचा. काका त्यात कधी मोठे झाले नाहीत. गाडी चालवायची, दार उघडायचं आणि मागच्या सीटवरचं बोलणं ऐकूच आलं नाही असं वागायचं. त्यांचा फोटो कधी वर्तमानपत्रात आला नाही. टोपणनाव पडावं इतकीही त्यांची कुणी दखल घेतली नाही.

"मग तुम्ही त्याच्याकडे राहिलात कशाला?" रेणूने एकदा विचारलं.

काकांनी आईच्या दफनाची गोष्ट सांगितली. फेब्रुवारीचा महिना, गुडघाभर बर्फ. शवपेटी उचलायला ठरलेले मामेभाऊ वाटेतच अडकले. पाद्री घाईला आलेला, आणि पेटी उचलायला माणसं पुरेनात. तेव्हा मिस्टर कालो आपल्या गाडीतून उतरला, हातमोजे काढून खिशात कोंबले, आणि गोठलेली कडी धरून पेटी उचलायला लागला. "उघड्या हातांनी," काका म्हणाले. "एका चांभाराच्या बायकोसाठी."

रेणूने ते मनातल्या मनात मराठीत ऐकलं. आईला खांदा दिला. पुढचं तिला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

पण जे समजत होतं ते पचत मात्र नव्हतं, कारण पुढे आर्मान्डो होता. आर्मान्डो काकांच्याच गल्लीतला, त्यांच्या वर्गातला. तो पोलिसांशी बोलतो असा मिस्टर कालोच्या माणसांना संशय आला आणि एका ऑक्टोबरात तो नाहीसा झाला. मारलं दुसऱ्या दोघांनी. पण गाडी काकांनी चालवली, आणि त्याला कुठे पुरलं ते त्यांनी गाडीत बसून पाहिलं. त्या दिवशी मिस्टर कालोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "माझ्यासाठी हे पोटात ठेवशील?" काका म्हणाले, "ठेवीन."

काही वर्षांनी ट्रकचोरीत काका पकडले गेले. सरकारी वकील म्हणाला, आर्मान्डो कुठे आहे तेवढं सांग आणि आज घरी जा. लोरेन तेव्हा सात वर्षांची होती. ते घरी गेले नाहीत. सुटून आले तेव्हा मुलगी त्यांच्यापेक्षा उंच झाली होती आणि काका आत असतानाच मिस्टर कालो मरून गेला होता. त्याचा मुलगा फ्लोरिडात दातांचा डॉक्टर. काकांनी त्याला एकदा फोन केला, बापाबद्दल दोन शब्द बोलावेत म्हणून. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, "तुम्ही नवीन पेशंट का?"

हे सांगताना काका स्वतःच हसले. रेणूला हसू आलं नाही.

आर्मान्डोला एक बहीण होती, फिलोमेना. तिला सूड नको होता. भाऊ कुठे आहे एवढंच हवं होतं, म्हणजे त्याला आईवडिलांशेजारी नेऊन ठेवता आलं असतं. ती दोनदा काकांच्या दारी आली होती. पहिल्यांदा खटला चालू असताना. तेव्हा काकांच्या बायकोने दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा ते सुटून आल्यावर. तेव्हा काकाच दारामागून ओरडले, "नुन्झिओ घरात नाही!"

"माझ्याच आवाजात," ते म्हणाले. "लहानपणापासून ओळखायची ती मला."

"मग आता तरी सांगून टाका," रेणू म्हणाली. "मिस्टर कालो गेला, ते दोघंही गेले. आता कुणाला घाबरता?"

"घाबरतो कोण? शब्द दिला होता."

"ज्याला दिला तो माणूसच उरला नाही काका."

"तेच तर. जिवंत असता तर जाऊन परत मागितला असता."

रेणूने कप उचलले.

यंदाच्या हिवाळ्यात काका रोजच्याच रस्त्यावर वाट चुकले, आणि डॉक्टरांनी विस्मरणाच्या आजाराचं नाव घेतलं. आधी कालपरवाचं जातं, जुनं टिकतं, असं ते म्हणाले. लोरेनला तेवढाच धीर आला. रेणूच्या मनात मात्र आर्मान्डोच आला. अजून वेळ आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. पण एका दुपारी काकांनी आईच्या दफनाची गोष्ट पुन्हा सांगितली, आणि त्यात बर्फच नव्हतं. ऊन होतं, घाम होता, फुलांवर माश्या बसत होत्या. रेणू कपाचा कान धरून बसून राहिली.

काकांनाही काहीतरी उमगलं असावं. गोष्ट संपल्यावर त्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "डोक्यात आहे आणि बोलत नाही, तोवर मी शब्द पाळतोय. विसरून गेलो तर काय पाळलं मी? ते तर भिंतही करते."

"मग फिलोमेनाला फोन लावू या का? मी शोधते नंबर."

"विचार करू दे." ते विचार करत राहिले आणि मार्च उजाडला.

मार्चात संत जोसेफचा दिवस येतो. काकांची आई सिसिलीची. त्या दिवशी घरात मोठं टेबल मांडायची, आणि यंदा काकांनी तोच हट्ट धरला. उपवासाचा काळ, म्हणून मांस नाही. हे ऐकून रेणू खूश झाली आणि पदर खोचून कामाला लागली. वालाच्या भावकीतल्या मोठ्या शेंगांच्या बिया, भाजलेला पावाचा चुरा घातलेला पास्ता. संत सुतार होता ना, म्हणून तो चुरा म्हणजे त्याच्या रंध्याखालचा भुसा. काकांच्या आईचा नियम एकच: दार उघडं ठेवायचं, येईल त्याला बसवायचं आणि कोण, कुठला हे न विचारता वाढायचं. त्या दिवशी आलेल्याला परतवून लावायचं नसतं.

"मग लोकांना कळायला नको का?" रेणू म्हणाली, आणि तिने निमंत्रण केलं. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवापासून गणपतीपर्यंतची सगळी निमंत्रणं तिच्याच हातची. त्यात यजमानाचा फोटो, पूर्ण नाव आणि मूळ गाव टाकायचंच, ही मंडळाची रीत. त्यामुळे गाववाले एकमेकांना सापडतात. तसंच तिने टाकलं: यजमान नुन्झिओ स्पातारो, मूळचे युटिकाचे; खाली घराचा पत्ता. कॉलनीच्या ग्रुपवर ते चढवलं. कुणीतरी कौतुकाने ते जुन्या युटिकावाल्यांच्या ग्रुपवर पाठवलं.

लोरेनने पाहिलं तेव्हा ती तशीच गणवेशात रेणूच्या दारात आली. "आडनाव टाकलंस? गावही?"

"अगं, आम्ही नेहमी..." तिने लगेच ते काढलं, पण जिथे जिथे पोचलं होतं तिथून ते काढणं तिच्या हातात नव्हतं.

त्या दिवशी गल्लीतले लोक आले, जेवले, डबे भरून घेऊन गेले. दुपार कलली, टेबलाशी घरचेच उरले. दार सताड उघडं असूनही कुणीतरी चौकटीवर टकटक केली. निळ्या कोटातली एक म्हातारी बाई उभी होती, विमानतळाची चिठ्ठी अजून बॅगेला लटकलेली.

"तुपा-तुपा," ती म्हणाली.

लोरेनच्या हातातला डाव तसाच राहिला. तिने दबक्या आवाजात रेणूला सांगितलं: सिसिलीत या दिवशी मुलं आसरा मागणारे येशूचे आईबाप होतात, तुपा-तुपा म्हणत तीन दारं ठोठावतात. दोन दारांतून त्यांना हाकलतात. तिसऱ्यातून हाकलता येत नाही.

"हे तिसरं आहे नुन्झिओ," बाई म्हणाली.

काका उभे राहिले. त्यांनी तिला ओळखलं, यात शंकाच नव्हती. "फिलोमेना," ते म्हणाले आणि शेजारची खुर्ची स्वतः ओढली. "आधी जेव."

ती जेवली. ताटलीतला चुरासुद्धा पावाने पुसून घेतला. मग हात मांडीवर ठेवून म्हणाली, "आता सांग."

"डॅड, वकिलाशिवाय एक अक्षर बोलायचं नाही," लोरेन म्हणाली.

"तू गप्प बस. ती टेबलाशी बसली आहे." काकांनी दीर्घ श्वास घेतला. रेणूला वाटलं, झालं, सुटले सगळे. "गावाबाहेर बंद वीटभट्टी होती. तिच्यामागे तळं. तळ्याकाठी मोठं मेपल."

फिलोमेनाने डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. ती पाठ करत होती. "मेपलच्या कुठल्या बाजूला?"

"कालव्याच्या बाजूला."

"तळं म्हणालास ना?"

"कालवा. पुलाखाली. पाण्याचा आवाज येत होता." काका थांबले, कपाळ चोळलं. "नाही, सफरचंदाची बाग. बर्फामुळे गाडी आत जाईना."

"ऑक्टोबरात बर्फ?"

"गुडघाभर. आम्ही सगळ्यांनी मिळून उचलला त्याला. पाद्री होता. फुलं होती."

"आर्मान्डोला फुलं?" फिलोमेनाचा आवाज चिरकला.

"पुष्कळ फुलं," काका कळवळून म्हणाले.

ती ताडकन उठली. "सोंग करतोस! मरायला टेकलास तरी त्याचाच माणूस!"

"सांगतोय ना!" काकांनी टेबलावर मूठ आपटली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "सांगतोय मी तुला! तूच ऐकत नाहीस!"

रेणूने तिला धरून स्वयंपाकघरात नेलं, कोट काढून घेतला, पाणी दिलं. फिलोमेनाने पेल्याला हातही लावला नाही. "तू रोज असतेस त्याच्यापाशी," ती म्हणाली. "खरं सांग मुली. सोंगच ना हे?"

तिला 'हो' ऐकायचं होतं, हे रेणूला लख्ख दिसलं. काका लपवत होते तोवर आर्मान्डो कुठेतरी होता.

"नाही," रेणू म्हणाली. "त्यांना खरंच आठवत नाही."

फिलोमेनाने सिंकचा काठ धरला. "मागच्या वर्षी आले असते तर?"

मागच्या वर्षी सगळं आठवत होतं, तेव्हा त्यांनी सांगितलं नसतं. आता सांगायला तयार आहेत तर सांगण्यासारखं काही उरलं नाही. यातलं कुठलं वाक्य या बाईच्या हातावर ठेवायचं? रेणूने पेला तिच्याजवळ सरकवला.

दोघी बाहेर आल्या तेव्हा काकांनी एक ताटली नव्याने वाढून ठेवली होती. चेहरा शांत, शर्टाची कॉलर सारखी केलेली. फिलोमेनाला पाहून ते अदबीने उठले.

"या, बसा. जेवून जायचं. आपण कोणाकडच्या?"

लोरेनने तोंडावर हात ठेवला. फिलोमेना टेबलापाशी आली.

"आर्मान्डोची बहीण."

"अरे वा!" काकांचा चेहरा उजळला. "कसा आहे तो? बऱ्याच दिवसांत दिसला नाही."

फिलोमेना उभीच राहिली. तिचा कोट रेणूच्या हातात होता. तो तिला घालायला पुढे करावा की खुर्चीच्या पाठीवर ठेवावा, रेणूला कळेना.