सुनंदा मॅडमची गाडी आणि आमचे ऑफ तास

शाळेत खडू संपतो, चहाची साखर संपते, किस्से मात्र संपत नाहीत. एक सांगता सांगता दुसरा आठवतो, आणि पहिल्याचं पुढं काय झालं हे विचारायचं सगळेच विसरतात! सिंदीच्या आमच्या शाळेतले सगळे किस्से सांगायचे तर रिटायर होऊनच बसावं लागेल. म्हणून आज फक्त सुनंदा मॅडमच्या गाडीचे.

सुनंदा मॅडम आमच्याकडे भूगोल शिकवतात. पन्नाशी ओलांडल्यावर त्या ड्रायव्हिंग शिकल्या, तेही घरच्या जुन्या पांढऱ्या गाडीवर. त्यांचे मिस्टर वसंतराव यांचं बियाण्यांचं दुकान आहे. ते शेजारी बसायचे आणि एक हात कायम हँडब्रेकवर! मॅडम वर्गात कोणाच्या बापाला भीत नाहीत, पण त्या हाताला भ्यायच्या.

पुढं गाडीच आजारी पडली. चालताना ठीक, पण उभी केली की थरथरायची आणि बंद पडायची. जिथं उभी, तिथं खाली काळ्या तेलाचं थारोळं. शेवटी वसंतरावांनी फर्मान काढलं, "भंगारवाल्याशी बोलून ठेवलं म्या. चतुर्थीले केळझरच्या गणपतीले नेऊन दाखव. रस्त्यात एकदा जरी बंद पडली, तर सोमवारी तो घेऊन जाईन!"

मॅडमनी स्टाफरूममध्ये हे सांगितलं आणि म्हणाल्या, "गाडी गेली तर मी पुन्हा यांच्या स्कूटरवर मागं बसन. मले नाई बसायचं आता मागं." आम्हाला फार वाईट वाटलं. त्याच दिवशी स्टाफरूमनं गाडी दत्तक घेतली.

*

विज्ञानाचे चौधरी सर डॉक्टर झाले. चित्रकलेचे ढोले सर त्यांचे असिस्टंट. मी मराठीचा. बोनेटला टेकू द्यायची दांडी तुटली होती, म्हणून मला बोनेट धरून उभं केलं.

"सर, माझा काही सल्ला?" मी विचारलं.

"हात हलवू नका, एवढंच!"

*

आमची दुरुस्ती ऑफ तासांना चालायची, हीच मोठी भानगड होती. मास्तरांना एक खोड असते. घंटा झाली की हातातलं काम आहे तिथं टाकून वर्गात! चौधरी सरांनी तपासायला म्हणून प्लगच्या सगळ्या वायरी काढल्या, आणि घंटा झाली. सर वाक्य अर्धवट सोडून नववीवर गेले.

पुढचा तास ढोले सरांना ऑफ. लोंबत्या वायरी पाहून त्यांचा जीव कासावीस झाला. त्यांनी त्या परत लावल्या. कोणती वायर कुठली, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. लहान वायर पुढं, मोठी मागं, कुठंही एकमेकींवर चढू न देता, अगदी रांगोळीसारख्या!

मॅडमनी किल्ली फिरवली. सायलेन्सरमधून धडाम्! आठवीचा वर्ग मैदानात, आणि मुख्याध्यापिका बाई व्हरांड्यात, "फटाके कोण फोडून राह्यलं?"

चौधरी सर धावत आले. आत पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. ढोले सर शांतपणे म्हणाले, "पण दिसून कसं छान राह्यलं, ते पाहा ना!"

*

नंतर तेलाचं प्रकरण. गळते म्हणजे कमी झालं असेल, असं चौधरी सरांना वाटलं. त्यांनी डब्यातून थोडं ओतलं आणि घंटा झाली. ढोले सर आले, त्यांनाही तसंच वाटलं. मग मला वाटलं. कोणी कोणाला सांगितलं नाही, कारण जो तो वर्गात!

दुपारून गळती दुप्पट झाली. चौधरी सरांनी तेल मोजायची पट्टी बाहेर काढली, तर ती मुठीपर्यंत भिजलेली. तेवढ्यात व्हरांड्यातून मुख्याध्यापिका बाईंचा आवाज आला, "सर, मधल्या सुट्टीत मीही टाकलं हं थोडंसं!"

जास्तीचं तेल काढण्यात संध्याकाळ गेली. त्या दिवशी मला खरंच वाटलं, की गाडी भंगारात नाही गेली तरी आम्हाला पाठवावं.

*

मूळ गळती मात्र चालूच होती. खाली पुठ्ठा अंथरून चौधरी सर उताणे पडायचे आणि जिथून थेंब पडतो तिथंच बोट ठेवायचे. "इथूनच गळून राह्यलं! इथूनच!"

मॅडम बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, "सर, वर्धा नदीचा उगम तुम्ही चंद्रपूरले शोधता काऊन? वर जा ना!"

त्यांनी स्वतःच टॉर्च घेतला. ओघळ खालून वर, वर असा मागे नेत त्या थेट इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणापाशी पोचल्या. झाकणाखालची तेल अडवणारी पॅकिंग सुकून कडक झाली होती. चौधरी सर अंग झटकत उठले. लॅबमधले रबरी हातमोजे घालून त्यांनी चालू इंजिनवर एकेक वायर काढून पाहिली. वायर काढली की इंजिन आणखी धडपडायचं. एका वायरीला मात्र काहीच फरक पडेना.

"हा गडी हजेरी लावते, पण अभ्यास करत नाई!" सर ओरडले. गाडी बंद करून तो प्लग काढला, तर तेलात चिंब. झाकणातून पाझरलेलं तेल बाहेर गळत होतं आणि प्लगच्या खड्ड्यातही भरत होतं. थरथर आणि गळती, दोन्हींचं मूळ एकच!

स्टँडजवळच्या मिस्त्रीनं नवी पॅकिंग आणि नवा प्लग बसवला. चौधरी सर आजही म्हणतात, "माझं निदान बरोबरच होतं. फक्त मी उलटा झोपलो होतो."

*

चतुर्थी आली. मॅडम स्टिअरिंगवर, शेजारी वसंतराव, हात हँडब्रेकवर. मागं चौधरी सर, ढोले सर आणि मी, साक्षीदार म्हणून.

गावाबाहेर निघालो आणि रेल्वेचं फाटक पडलं. गाडी दर वेळी बंद पडायची ती इथंच. फाटक उघडायला लागलं की न सांगता उतरायचं आणि धक्का मारायचा, अशी वसंतरावांची सवयच झाली होती.

मालगाडी गेली. सगळं शांत झालं. इंजिनचा आवाज नाही, थरथर नाही, काही नाही. वसंतरावांनी कान दिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पडली ना बंद! म्हणलो नव्हतो?"

ते दार उघडून उतरले, मागं गेले, डिक्कीला दोन्ही हात लावले. "उतरा सर, बसून काय राह्यले? लावा जोर!"

फाटक वर गेलं. मॅडमनी किल्लीला हात न लावता पहिला गिअर टाकला आणि गाडी अलगद रूळ ओलांडून गेली. मी मागच्या काचेतून पाहिलं. वसंतराव तिथंच वाकलेले, हात हवेत.

पलीकडं मॅडमनी गाडी कडेला घेतली, आणि ती चालूच ठेवली. वसंतराव हात झटकत चालत आले. वाटेतच त्यांनी फोन लावला.

"भाऊ, सोमवारी येऊ नोको. नाई देत. अबे, मले काय इचारतं? गाडी तिची हाय!"

फोन खिशात टाकून ते पुढच्या दारापाशी आले. क्षणभर थांबले. मग ते दार तसंच सोडून त्यांनी मागचं दार उघडलं आणि आम्हा तिघांना म्हणाले,

"सरका थोडं."