आधी खुशाली, मग बातमी

सेकूच्या धाकट्या भावाचा, अमादूचा फोन आला तेव्हा मी आखातात, मेसईदच्या कंपनी बसमध्ये होते. फोन मालीहून होता, म्हणून तिकडच्या रीतीप्रमाणे मी आधी खुशाली विचारली. घर? "हेरे डोरोन." आई? "हेरे डोरोन." सेकू? पुन्हा तेच, "हेरे डोरोन." म्हणजे, शांतताच आहे. खुशाली संपल्यावर अमादू म्हणाला, "दीदी, सेकू गेला. सकाळी दफन केलं."

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. खत कारखान्याच्या सेफ्टी विभागात सेकू आणि मी शेजारी बसायचो. तो आगीची ड्रिल घ्यायचा, मी वेळापत्रकं लावायचे. त्याआधी तो मालीच्या सैन्यात होता. ही खुशालीची रीत त्यानेच मला शिकवली. बातमी कितीही वाईट असली तरी आधी विचारपूस, आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच, शांतता. मला असला वेळकाढूपणा सोसत नाही. "मग खरं सांगता तरी कधी?" मी विचारलं. "खुशाली संपली की," तो म्हणाला. "तेवढ्यात ऐकणारा खाली बसतो."

एरवी मात्र तो भलताच वात्रट. मी पहिल्यांदा डब्यात चवळीची उसळ नेली, तेव्हा टेबलावर डोकं टेकून हसला. त्यांच्याकडे 'चवळीखाऊ' ही थट्टेतली शिवी. ठरावीक आडनावांची माणसं एकमेकांना ती हक्काने देतात. "आमच्याकडे हा आरोप सगळे नाकारतात, दीदी. तुम्ही तर पुरावाच घेऊन आलात!" तेव्हापासून माझं नाव चवळीखाऊ. मीही ऐकून घेणारी नव्हते. "आधी डबा पुढे कर, मग शिव्या दे," म्हणायचे. तो करायचा.

गावाचा विषय निघाला की हा माणूस बदलायचा. गावाजवळची सैन्याची छावणी उठली होती. परदेशी फौजा गेल्या, त्यांच्या जागी दुसरे परदेशी आले. शहरं सैन्याकडे राहिली आणि रस्ते बंदूकवाल्यांकडे गेले. "छावणी होती तेव्हा हल्ले व्हायचे," तो सांगायचा. "छावणी गेली, आता बंदूकवाल्यांचे कायदे चालतात. लोकांनी कुठलं निवडायचं?" सैन्यावर त्याची माया होती आणि रागही होता. "आमच्याकडे बूट होते, गोळ्या होत्या. पुढच्या चौकीपर्यंतचा रस्ता तेवढा नव्हता." अमादू अजून सैन्यात, राजधानीत, बामाकोला. गावात राहिलेली आई दोन सैनिकांची आई. ते कुणाला कळू नये म्हणून तिने मुलांचे वर्दीतले फोटो जाळले होते. तरी गाव सोडायला ती तयार नव्हती. "बाजरी कोण काढेल?" एवढंच म्हणायची. तिला तिथून बाहेर काढायचं, दुसरं काही सेकूच्या डोक्यात उरलं नव्हतं.

शेवटी ती हो म्हणाली. सेकूने रजा टाकली. त्याच्या प्रवासाचा तक्ता अर्थातच मी केला: विमान, बस, आईची औषधं, दोन सिमकार्डं. "गावाकडच्या रस्त्यासमोर काय लिहू?" मी विचारलं.

"इन्शाल्ला लिहा."

"तो रकाना नाहीये माझ्याकडे."

"मग करा की, चवळीखाऊ!"

गावातून निघताना दोन गाड्या होत्या. पहिलीत बायका आणि म्हाताऱ्या माणसांना बसवलं. सेकू सामानाबरोबर दुसरीत चढला. पहिली गाडी गेली त्याच रस्त्यावर दुसरीखाली सुरुंग फुटला... आई बामाकोला सुखरूप पोचली.

मागच्या शुक्रवारी मी तिला फोन लावला. अमादू मधे बसून भाषांतर करत होता. काय बोलायचं ते मी मनात ओळीने मांडून ठेवलं होतं. पण आधी तिची खुशाली सुरू झाली. माझा नवरा, माझी मुलगी, ऑफिस, अंबाजोगाईची माझी आई. सगळ्यांची तिला माहिती होती. मी एकेकाला शांतता म्हणत गेले. सेकूचं नाव तिने घेतलं नाही. खुशाली संपली. मी ठरवलेलं पहिलं वाक्य सुरू करणार होते.

त्याआधी तीच काहीतरी बोलली. अमादू म्हणाला, "आई विचारते, तुमची आईसुद्धा गावी एकटीच असते ना? तिच्यापर्यंत जायला रस्ता आहे?"

"आहे," मी म्हटलं. "चांगला आहे."

त्याने तिला ते सांगितलं. ती दोनच शब्द बोलली.

"मग जा, म्हणते."