पाच वर्षं पुरी व्हायच्या आत

गोकुळा रागीट होती हे अख्ख्या चामोर्शीला ठाऊक होतं. आठवडी बाजारात तिच्या टोपलीतला मासा चिवडून न घेता पुढे जायची कुणाची छाती नव्हती. पण १९५८च्या त्या उन्हाळ्यात ती जी भडकली, ते आजही आठवलं की मला वाटतं, तिच्या जागी दुसरी कुणी असती तरी तिनेही कचेरीची खुर्चीच उचलली असती.

तिचा नवरा खुशाल एका लाकूड कंपनीच्या तलावात मासे पोसायच्या कामावर होता. मालकाच्या भावाची आफ्रिकेत शेती. तिकडच्या गावांना तळ्यात मासे पोसायला शिकवावं असं मालकाच्या मनात आलं. कामगारांपैकी जो स्वखुशीने दोन वर्षं जाईल त्याची नोकरी राखून ठेवू, बायको आणि पोटची पोरं सोबत नेऊ, अशी योजना निघाली. खुशाल महिनाभर डोकं खाजवत बसला. नाव द्यायला लावलं ते गोकुळाने.

"इथी जाळं विणाले मले कोण विचारते? घरोघरी विणतेत," ती म्हणाली. "तिथी लोक शिकाची वाट पाहून राह्यले. चला."

मग तयारी सुरू झाली. तिने तीन नवी जाळी विणली. सात वर्षांच्या कुंताला नवा परकर शिवला. सुकी मासळी फडक्यात बांधली. ती आगबोटीवर चालायची नाही, असं कंपनीच्या बाबूने कळवल्यावर दोन दिवस त्याच्या नावाने खडे फोडले. चार वर्षांच्या उकंड्याला तिने रोज समुद्राच्या गोष्टी सांगितल्या. समुद्र तिने तरी कुठे पाहिला होता! आपला मार्कंड्याच्या नदीचा पूर आठवायचा आणि तो दहापट फुगवून सांगायचा.

उकंडा तिच्या पोटचा. पण तसं म्हणायची सोय नव्हती. त्याच्या आधीचे दोन मुलगे पाळण्यातच गेले होते. म्हणून हा जन्मला तसा रिवाजाप्रमाणे त्याला उकंड्यावर, म्हणजे शेणकेराच्या ढिगावर ठेवला. शेजारच्या सुगंधाबाईने उचलला, आणि गोकुळाने सूपभर तांदूळ देऊन तो तिच्याकडून विकत घेतला. लोकाचं पोर म्हटलं की नेणाऱ्याची नजर पडत नाही. पाच वर्षं पुरी होईतो आईने त्याला आपला म्हणायचं नाही. उकंडा सुगंधाबाईला आई म्हणे आणि गोकुळाला मावशी. ती हाक ऐकली की गोकुळा दुसऱ्याच कुणावर तरी डाफरायची. पण पोर जगलं होतं, आणि आता दिवाळीपर्यंत कळ काढायची होती.

चांद्याच्या कचेरीत कागद भरायचे होते त्या दिवशी गोकुळा कुंताला घेऊन टोचून घ्यायच्या रांगेत उभी होती. आत कंपनीच्या बाबूने खुशालजवळ उभ्या उकंड्याकडे बोट दाखवून विचारलं, "हा मुलगा कुणाचा?"

चार वर्षांची सवय. "सुगंधाबाईचा," खुशाल म्हणाला.

बाबूने पोराला विचारलं, "तुझी आई कुठे आहे रे?"

"घरी," उकंडा म्हणाला.

गोकुळा आत आली तेव्हा नाव खोडून झालं होतं. दुसऱ्याचं मूल नेता येणार नाही, बाबूने सांगितलं, बाकी तिघांचे कागद ठीक आहेत.

ती आधी नवऱ्यावर तुटून पडली. "घरी मूग गिळून बसता, अन् इथीच तुमची जीभ सुटली?"

"मंग काय सांगू? पाच वर्सं झाली काय?" खुशाल रडकुंडीला आला.

तेही खरंच होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. बोलावं तर दोन पोरं मातीत घातलेली, तिसऱ्यावर नजर ओढवून घ्यायची. गप्प राहावं तर दोन वर्षं याला इथे टाकून जायचं. खुशालने हळूच सुचवलं, आपण नाहीच गेलो तर? बाबू म्हणाला, तुमच्या नावाने तिकडे तारही गेली आहे. मग थोडं हसून म्हणाला, "तुमचाच असेल तर तसं म्हणा ना, बाई. अंगठा द्या, मी पुन्हा लिहितो. एवढंच तर आहे."

"एवढंच?" गोकुळा कडाडली. शेजारच्या खोलीतले लोक उठून दारात आले. "तुमचे दोन लेकरं गेले असते अन् तिसऱ्यावर पाळी असती, त मी पाह्यलं असतं तुमचं एवढंच! लिवा. माहा हाय. माह्या पोटचा हाय. अजून किती डाव सांगू? माहा हाय!"

तिने अंगठा इतका दाबला की कागद चुरगळला. मग ती उकंड्याकडे वळली. "ऐकलं ना? मी तुही आई होय."

पोर खुशालच्या पायाआड दडलं. "नाई. तू मावशी हायेस. माही आई घरी हाय." आणि त्याने जे भोकाड पसरलं ते घरी पोचेतो आटोपलं नाही. आईला सोडून आगबोटीत बसणार नाही म्हणाला. गोकुळा हात धरायला गेली की झिडकारायचा.

सुगंधाबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सूप आदळलं. सुगंधाबाई विधवा, पदरी मूलबाळ नाही.

"सहा महिने बाकी होते," ती म्हणाली. "सहा महिने तुले दम नाई निंगला?"

"तुले काय जाते बोलाले? तुहे गेलेत का दोन?" गोकुळा ओरडली. आणि ओरडल्याबरोबर तिला कळलं, आपण काय बोलून बसलो.

सुगंधाबाईने उकंड्याला जवळ बोलावलं, पदराने त्याचं नाक पुसलं आणि त्याचं तोंड गोकुळाकडे वळवलं.

"ते तुही आई होय, बाळा," ती म्हणाली. "मी मावशी. जा, तिच्यापाशी जा."

पोर जागचं हललं नाही. सुगंधाबाईने त्याला पाठीत हात घालून पुढे ढकललं, आणि मागे न पाहता घरात जाऊन दार लावून घेतलं.